रिंग वाजते, पण आवाज का येत नाही?

सभासद बंधू-भगिनींनो,



गेल्या गळीत हंगामात आपल्या एका गट कार्यालयाच्या हद्दीतील दोन सभासदांचा ऊस तोडून फडात पडून राहिला. त्या दिवशी संध्याकाळी मिलमध्ये बिघाड झाला होता. उद्याची तोड थांबवा, असा निरोप देण्यासाठी शेतकी ऑफिसमधून गट कार्यालयाला इंटरनेटवरचा फोन लावला. रिंग वाजली, फोन उचलला गेला. तिकडचे बोलणे इकडे खणखणीत ऐकू येत होते. "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही. उद्याची तोड ठरल्याप्रमाणे धरतो." इकडून आमचा लेखनिक ओरडून सांगत होता, "धरू नका, थांबवा." त्यातले एक अक्षरही तिकडे पोचत नव्हते. अखेर तिकडचे बोलणे आपल्याला ऐकू येते त्याअर्थी आपलेही थोडेफार पोचले असेल, असे समजून त्याने फोन ठेवला. पहाटे टोळीने कोयता धरला.

उभा ऊस दोन दिवस थांबला तर फारसे बिघडत नाही. तोडलेला ऊस मात्र तासातासाने वजनही घालवतो आणि साखरही. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत ऊस गाळला जावा, हे मी आपल्याला दरवर्षी सांगत आलो आहे. तेच आमच्याकडून साधले नाही. त्या दोन सभासदांची तक्रार रास्त होती.

पुढे गटाच्या बैठकीत एका वयोवृद्ध आबांनी मला विचारले, "साहेब, त्याचं बोलणं आपल्याला ऐकू येतंय, मग आपलं त्याला का न्हाई? तार तर एकच हाय न्हवं?"

मला त्यावेळी धड उत्तर देता आले नाही. मी शेतकीचा माणूस. ऊस, पाणी, खत यांवर विचाराल ते सांगेन. परंतु प्रश्न तोडणीशी येऊन भिडला म्हणून जाणकारांकडे बसून तो समजावून घेतला. जे कळले ते आबांसाठी आणि आपणा सर्वांसाठी येथे मांडत आहे.

तार एक, वाटा दोन

जुन्या सभासदांना ट्रंक कॉलचे दिवस आठवत असतील. नंबर नोंदवायचा आणि तासन्‌तास वाट पाहायची. मग ऑपरेटर दोन्हीकडच्या तारा जोडून देई आणि बोलणे संपेपर्यंत ती तार आपल्या मालकीची असे. जाणारा आवाज आणि येणारा आवाज त्याच जोडणीतून जात. आबांच्या मनातला फोन तो आहे.

इंटरनेटवरच्या फोनमध्ये अशी तार कोणी राखून ठेवत नाही. येथे आवाजाचे तुकडे पाडले जातात. साधारणपणे एका सेकंदाचे ५० तुकडे, म्हणजे प्रत्येक तुकडा २० मिलिसेकंदांचा. प्रत्येक तुकड्यावर पत्ता घातला जातो आणि तो सुटा रवाना होतो. आपल्याकडून जाणाऱ्या तुकड्यांची रांग वेगळी आणि तिकडून येणाऱ्यांची वेगळी. त्यामुळे एक रांग मुक्कामी पोचते आणि दुसरी भलतीकडेच जाते, असे घडू शकते. आबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे झाले. उरलेले अर्धे पत्त्यात आहे.

मारुतीच्या देवळामागे

गावात एखाद्याला घर विचारले तर तो सांगतो, "मारुतीच्या देवळामागे." गावापुरता हा पत्ता पक्का. पण मारुतीचे देऊळ गावोगाव आहे. मुंबईहून टाकलेल्या पाकिटावर नुसते "मारुतीच्या देवळामागे" असे लिहिले तर ते कोठे पोचणार?

इंटरनेटवर जोडलेल्या यंत्रांना आकड्यांचे पत्ते असतात. जुन्या पद्धतीत असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. जगातील यंत्रांची संख्या पाहता हे पुरणार नाहीत, हे १९९० नंतरच्या काळात लवकरच कळून आले. म्हणून १९९४ साली आकड्यांचे काही गट खाजगी वापरासाठी राखून ठेवले गेले. १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणीही आपल्या घरात किंवा कार्यालयात, कोणालाही न विचारता वापरावेत. अट एवढीच की कुंपणाबाहेर त्यांना किंमत नाही. हे झाले मारुतीच्या देवळामागचे पत्ते.

आपल्या कारखान्यातील फोनयंत्रांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत होते. गट कार्यालयातील यंत्रांचेही तेच. दोन्हीकडे राऊटर बसवणाऱ्याने जसा आला तसा लावून दिला, त्यामुळे दोन्ही गावांत तेच देऊळ आणि तीच आळी.

दरवान आणि त्याची वही

मग अशा खाजगी पत्त्यावरून बाहेर बोलणे होते तरी कसे? ते काम राऊटर करतो. त्याला गेटवरचा दरवान समजा. आतून कोणी बाहेर निघाले की दरवान आपल्या वहीत नोंद करतो. कोण निघाले, कोणाकडे निघाले, त्याला कोणत्या क्रमांकाचा पास दिला. जगाला दिसतो तो फक्त गेटचा पत्ता आणि पासाचा क्रमांक. उत्तर आले की दरवान पास पाहतो, वही उघडतो आणि ते नेमक्या माणसाकडे पोचवतो. या व्यवस्थेला नॅट म्हणतात.

दरवानाचे दोन नियम ध्यानात ठेवावेत. पहिला, वहीत नोंद नसलेला पाहुणा आत येत नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. दुसरा, ये-जा थांबली की काही वेळाने दरवान नोंद खोडतो. सकाळी लागणारा फोन दुपारी लागत नाही, त्याचे एक कारण हे दुसऱ्या नियमात असते. म्हणून चांगली फोनयंत्रे गप्प असतानाही ठराविक वेळाने एखादा लहानसा तुकडा बाहेर पाठवून नोंद जागी ठेवतात.

आता पेच पाहा. कारखान्याला दरवान आहे आणि गट कार्यालयालाही. दोघेही आतून निघालेल्यालाच ओळखतात. मग आधी कोणी कोणाकडे जायचे?

चिठ्ठी आणि गाड्या

हाच पेच रिंगच्या बाबतीत सुटतो आणि आवाजाच्या बाबतीत अडतो. याचे कारण असे की रिंग आणि आवाज ही दोन वेगळी कामे आहेत. टोळीला तोडीची चिठ्ठी जाते आणि ऊस गाड्यांतून येतो, तसेच हे आहे.

फोन लावणे, रिंग वाजवणे, उचलला किंवा ठेवला हे कळवणे, ही सर्व चिठ्ठीची कामे. या चिठ्ठीच्या पद्धतीला एसआयपी म्हणतात. तिचे पहिले प्रमाण १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि सध्या चालते ती आवृत्ती २००२ ची. प्रत्यक्ष आवाजाचे तुकडे वाहणाऱ्या गाड्यांची पद्धत आरटीपी. ती १९९६ ची. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे हेनिंग शुल्झरिन यांचा या दोन्ही पद्धती घडवण्यात मोठा वाटा आहे.

गट कार्यालयातील फोन सुरू होताच कारखान्याच्या एक्स्चेंजकडे आपण होऊन हजेरी लावतो. त्याची नोंद दरवानाच्या वहीत होते आणि त्याच वाटेने चिठ्ठ्या ये-जा करतात. म्हणून रिंग वाजते. पण चिठ्ठीच्या पोटात एक ओळ असते. "माझ्याकडे येणाऱ्या आवाजाच्या गाड्या अमुक पत्त्यावर उतरवा." गट कार्यालयातील फोनने तेथे आपला घरगुती पत्ता लिहिला, १९२.१६८.१.२०. म्हणजेच, "मारुतीच्या देवळामागे."

कारखान्याच्या यंत्राने ते प्रामाणिकपणे वाचले आणि आवाजाच्या गाड्या त्या पत्त्यावर सोडल्या. आता तोच आकडा कारखान्यातही आहेच. गाड्या गेटबाहेर पडल्याच नाहीत. आपल्याच आवारात फिरून आपल्याच देवळामागे रित्या झाल्या. आमचा लेखनिक घसा कोरडा करीत होता ते सारे कारखान्याच्या कुंपणातच जिरत होते.

उलट बाजूने मात्र आवाज येत होता. कारण कारखान्याच्या एक्स्चेंजला आपला बाहेरचा खरा पत्ता शिकवून ठेवला होता आणि आवाजासाठी गेटातून वाटही मोकळी ठेवली होती. म्हणून तिकडून निघालेल्या गाड्या बिनचूक पोचल्या. आबा, तुमच्या प्रश्नाचे पुरे उत्तर हे.

तिठ्यावरचा मध्यस्थ

यावर उपाय काय? दोन वस्त्यांवरचे दोघे एकमेकांच्या दारात जाऊ शकत नाहीत. पण दोघेही आपापल्या गेटातून बाहेर पडून तिठ्यावर तर येऊ शकतात. तिठ्यावर एक विश्वासू माणूस बसवला, की पहिला आपला माल त्याच्याकडे आणून देईल आणि तो दुसऱ्याकडे पोचवील. दोघेही आतून निघालेले असल्याने दोघांच्या दरवानांकडे तिठ्याची नोंद आहे. परतीचा माल कोणी अडवत नाही.

आवाजाच्या बाबतीत हा माणूस म्हणजे इंटरनेटवर खऱ्या, जगजाहीर पत्त्यावर बसवलेले एक यंत्र. ते दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्यांतील घरगुती पत्ता खोडून तेथे स्वतःचा पत्ता लिहिते. दोघांच्याही गाड्या मग त्याच्याकडे येतात.

पण त्याने तरी परतीची गाडी कोठे पाठवावी? त्याची युक्ती साधी आहे. चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते तो पाहत नाही. गाडी कोणत्या गेटातून आणि कोणत्या पासावर आली ते पाहतो आणि त्याच वाटेने परतीचा माल लावून देतो. आलेली वाट खोटी नसते, कारण दरवानानेच ती उघडलेली असते.

ट्रंक कॉलच्या ऑपरेटरशी याचे नाते आहे. फरक एवढाच की ऑपरेटर तारा जोडून बाजूला होई. या मध्यस्थाला बोलणे संपेपर्यंत प्रत्येक तुकडा स्वतः उचलून द्यावा लागतो.

आधी थेट, जमले नाही तर मध्यस्थ

प्रत्येक वेळी मध्यस्थ लागतोच असे नाही. थेट वाट काढण्याचीही एक रीत आहे. फोन बाहेरच्या एका यंत्राला विचारतो, "माझा पत्ता तुला कसा दिसतो?" ते यंत्र गेटचा पत्ता आणि पासाचा क्रमांक सांगते. या आरशासारख्या व्यवस्थेला स्टन म्हणतात. ती २००३ ची. दोन्ही बाजूंनी आपापले बाहेरचे पत्ते चिठ्ठीतून एकमेकांना कळवायचे आणि एकाच सुमारास दोघांनी एकमेकांकडे गाड्या सोडायच्या. दोन्ही दरवानांच्या वहीत नोंद होते आणि वाट खुली होते.

पण काही दरवान जास्त कडक असतात. ते प्रत्येक नव्या ठिकाणासाठी नवा पास देतात. मग आरशाने सांगितलेला क्रमांक दुसरीकडे जाताना चालत नाही. अशा वेळी मध्यस्थाखेरीज इलाज नाही. मध्यस्थाच्या प्रचलित पद्धतीला टर्न म्हणतात. घरातली वाट, आरशाने दाखवलेली वाट आणि मध्यस्थाची वाट, या तिन्ही तपासून त्यांतली चालणारी निवडण्याच्या पद्धतीला आइस म्हणतात. या दोन्ही २०१० साली ठरल्या.

कोणी म्हणेल, आमच्या मोबाईलवरून फोन होतात, त्यांना हे काही लागत नाही. लागते. व्हॉट्सॲपवरच्या फोनलाही हाच पेच सोडवावा लागतो, फक्त तो आपल्याला दिसत नाही. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीने एक सोय दिली. ती निवडली तर आपले दोघांमधले फोन कंपनीच्या मध्यस्थ यंत्रांतूनच जातात, म्हणजे समोरच्याला आपला इंटरनेटवरचा पत्ता कळत नाही.

मध्यस्थाचा खर्च किती?

सहकारात फुकट काही नसते, म्हणून हिशेब मांडतो. साध्या पद्धतीचा आवाज सेकंदाला ६४ किलोबिट घेतो. प्रत्येक तुकड्यात आवाज १६० बाइट आणि पत्ते वगैरे ४० बाइट, मिळून २०० बाइट. असे ५० तुकडे, म्हणजे एका दिशेला सेकंदाला ८० किलोबिट. मध्यस्थाकडे एका बोलण्याचे दोन प्रवाह येतात आणि दोन जातात. म्हणजे १६० किलोबिट आत आणि १६० बाहेर. एका वेळी दहा बोलणी चालली तर दोन्ही दिशांना १.६ मेगाबिट. हे ओझे फार नाही. तंगी असेल तर आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धती आहेत. त्यांपैकी एकीत तेच ८० किलोबिट २४ वर येतात.

खरा खर्च उशिराचा असतो. बोललेला शब्द १५० मिलिसेकंदांच्या आत समोर पोचावा, म्हणजे संभाषण सहज वाटते, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आता स्वस्त मिळाला म्हणून मध्यस्थ न्यूयॉर्कला ठेवला तर काय होईल? मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. शेजारच्या गटाशी बोलायचे तरी आवाज जाऊन येऊन २५,००० किलोमीटर फिरणार. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसत्या अंतरापायी १२५ मिलिसेकंद गेले, आणि समुद्राखालच्या तारा काही सरळ रेषेत जात नाहीत. मग दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात. म्हणून आपण मध्यस्थ यंत्र मुंबईत भाड्याने घेतले आहे.

मध्यस्थ ऐकतो काय?

हा प्रश्न बैठकीत एका ताईंनी विचारला आणि तो योग्यच होता. तिठ्यावरच्या माणसाच्या हातून माल जातो, तर तो पोते उघडून पाहील की नाही? पोते उघडे असेल तर पाहू शकतो. आवाज नुसता पाठवला तर मध्यस्थ यंत्र चालवणाऱ्याला तो ऐकता येतो. आवाज कुलूपबंद करून पाठवला आणि किल्ली फक्त दोन टोकांना असली, तर मध्यस्थ बंद पोते इकडून तिकडे करतो, आत काय ते त्याला कळत नाही. आपल्या फोनवर सभासदांच्या बिलाच्या आणि उचलीच्या गोष्टी बोलल्या जातात. म्हणून शेतकी ऑफिस आणि गट कार्यालये यांच्यामधला आवाज कुलूप लावूनच पाठवायचा, असे ठरवून घेतले आहे.

दुसरा धोका परक्याचा. मध्यस्थाला किंवा एक्स्चेंजला पासवर्ड नसला, किंवा १२३४ असा पोरखेळाचा असला, तर लांबचा चोरटा आपल्या यंत्रावरून परदेशी फोन लावतो आणि बिल कारखान्याला येते. तसेच बाहेरचे इंटरनेट फोन आपल्या यंत्रातून नेहमीच्या फोनच्या जाळ्यात उतरवणे हे परवाना असलेल्या कंपन्यांचे काम आहे. परवान्यावाचून कोणी तसे केले तर तो गुन्हा ठरतो. आपले यंत्र फक्त आपली कार्यालये जोडते, आणि ते तेवढेच ठेवायचे.

आपण काय केले

मध्यस्थ बसवल्याबरोबर दोन्ही बाजूंचा आवाज सुरू झाला. शिवाय दोन दुरुस्त्या केल्या. प्रत्येक गट कार्यालयाला वेगळा क्रमगट दिला, कोणाला १९२.१६८.११, कोणाला १९२.१६८.१२. पुढेमागे सर्व कार्यालये आपल्या खाजगी बंद रस्त्याने जोडायची झाली तर एकाच पत्त्याची दोन घरे निघू नयेत म्हणून. दुसरे, काही राऊटर शहाणपणा करून चिठ्ठ्यांतील पत्ते स्वतःच बदलू पाहतात आणि उलट घोळ घालतात. त्यांची ती सवय बंद केली.

नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते सर्वत्र आले की मारुतीच्या देवळाची अडचण राहणार नाही, कारण ते इतके आहेत की प्रत्येक यंत्राला स्वतःचा मिळेल. परंतु तेव्हाही गेटवर दरवान राहणारच. चोराला आत कोण घेईल? त्यामुळे मध्यस्थाची गरज कमी होईल, संपेल असे नाही.

सर्वांनी पाळावयाच्या गोष्टी

१. रिंग वाजली म्हणजे निरोप पोचला, असे समजू नये. रिंगची वाट वेगळी, आवाजाची वेगळी.

२. तोड धरणे किंवा थांबवणे यांचा निरोप ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवावा. गट नंबर, प्लॉट, तारीख यांसह. परत म्हटले नाही तर निरोप दिला नाही असे धरले जाईल. हा नियम शेतकी ऑफिसला आधी लागू आहे.

३. एका बाजूचा आवाज येत नसेल तर फोन ठेवून मोबाईलवर बोलावे, तेही न जमल्यास माणूस पाठवावा. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे.

४. फोन बिघडल्यास "लागत नाही" एवढेच न कळवता तीन गोष्टी कळवाव्यात. रिंग वाजली का, आपला आवाज तिकडे गेला का, तिकडचा इकडे आला का. एवढ्यावरून दोष चिठ्ठीत आहे की गाड्यांच्या वाटेत, हे सांगता येते.

५. गट कार्यालयातील राऊटर बदलायचा झाल्यास आधी कारखान्यास कळवावे.

यंत्र दुरुस्त झाले, याचे समाधान आहे. पण खरे सांगायचे तर त्या संध्याकाळी आमच्या लेखनिकाने मोबाईल उचलला असता, किंवा गटातल्या माणसाने "निरोप कळेपर्यंत कोयता धरणार नाही" असे ठरवले असते, तरी दोघांचा ऊस वाचला असता. आवाज पोचवण्याचे काम मध्यस्थ करील. तो पोचला की नाही, हे विचारण्याचे काम आपले आहे.

येत्या हंगामात आपला ऊस वेळेवर तुटो आणि ताजा गाळला जावो, ही सदिच्छा.



आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी